आधी छत बघा, मग फ्लॅश घ्या

लग्नसराई तोंडावर आली की आपल्या वणीत एक प्रश्न हमखास ऐकू येतो. "भाऊ, फ्लॅश कोणता घेऊ?" विचारणाऱ्याच्या गळ्यात डीएसएलआर असतो, बहुतेक वेळा सेकंडहँड, सोबत १८-५५ची किट लेन्स. मावसभावाची हळद किंवा ओळखीतल्या कुणाचं साक्षगंध, असं एखादं काम तोंडी ठरलेलं असतं. उत्तरंही ठरलेलीच. एक जण म्हणतो, कंपनीचाच घे. दुसरा म्हणतो, चायनाचा घे, फेकून दिला तरी दुःख नाही. तिसरा म्हणतो, जास्त पॉवरवाला घे, मग टेन्शन नाही.

माझं म्हणणं आहे की ही तिन्ही उत्तरं दुसऱ्याच कुठल्या तरी प्रश्नाची आहेत. पहिला प्रश्न असा हवा: तुम्ही जिथे फोटो काढणार आहात, तिथे डोक्यावर छत आहे का? असेल तर कोणत्या रंगाचं?

हसू नका. फ्लॅशचं तोंड म्हणजे आगपेटीपेक्षा थोडी मोठी खिडकी. एवढ्याशा जागेतून निघालेला उजेड सरळ चेहऱ्यावर मारला की नाक चमकतं, कपाळावर तेल सांडल्यासारखं दिसतं आणि मागच्या भिंतीवर काळीकुट्ट सावली पडते. आधारकार्डाचा फोटो बरा वाटावा असा प्रकार. म्हणून फ्लॅशचं डोकं वर फिरवून उजेड छतावर मारायचा, म्हणजे सगळं छतच मोठ्या दिव्यासारखं काम करतं आणि उजेड मऊ होऊन खाली उतरतो. याला बाउन्स म्हणतात. फ्लॅशवरच्या जवळपास प्रत्येक व्हिडिओत ही युक्ती पहिल्या पाच मिनिटांत येते. पण ते व्हिडिओ पांढऱ्या, बुटक्या छताच्या खोल्यांत बनलेले असतात. आपली हळद अंगणात होते, पिवळ्या कापडाच्या मांडवाखाली. रिसेप्शन लॉनवर, वर सरळ आभाळ. मंगल कार्यालय मिळालं तरी वर उंच टिनाचं शेड आणि त्याखाली लाल-गुलाबी झालर. पिवळ्या कापडावर उजेड मारला की हळद न लावताही सगळं वऱ्हाड पिवळं होतं. आभाळावर मारला तर तो परतच येत नाही, फक्त सेल संपतात. तरीही लॉनवर फ्लॅश आभाळाकडे करून ठकाठक फोटो काढणारे तुम्हाला दर सीझनला दिसतील.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली म्हणजे डोकं नुसतं वर होणारा फ्लॅश घेऊ नका. ते डावी-उजवीकडेही फिरलं पाहिजे. कॅननचा २७०ईएक्स किंवा निकॉनचा एसबी-३०० हे छोटे फ्लॅश दिसायला गोंडस आहेत, पण त्यांचं डोकं फक्त वर-खाली होतं. कॅमेरा उभा धरला की ते 'वर' म्हणजे बाजूला होतं आणि नवरीच्या पोर्ट्रेटला छत हातचं जातं. डोकं फिरणारं असलं की एखादी पांढरी भिंत, पांढरा पडदा, अगदी मित्राने धरलेला थर्माकोलचा तुकडासुद्धा तुमचं छत होऊ शकतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. आपल्याकडच्या जागा पाहता फ्लॅश कॅमेऱ्यावर न ठेवता बाजूला स्टँडवर लावता येणं ही हौस नाही, गरज आहे. एक हलका स्टँड, एक पांढरी छत्री आणि रेडिओ ट्रिगर. छत्री म्हणजे तुम्ही सोबत नेलेलं छत. स्टेजच्या एका बाजूला, जरा उंचावर लावून ठेवा. मे महिन्यातल्या वावटळीत स्टँड आडवा होतो, त्यामुळे पायाला पाण्याची कॅन बांधा, नाहीतर चुलत भावंडांपैकी एकाला जेवणाआधी तिथे उभं करा.

आता खरेदीतला सगळ्यात मोठा खड्डा, आणि याबद्दल दुकानात कुणी सहसा बोलत नाही. कॅमेऱ्याच्या डोक्यावर जिथे फ्लॅश सरकवतात, त्या पट्टीला हॉट शू म्हणतात. वर्षानुवर्षं तिच्या मधोमध एक मोठा गोल धातूचा ठिपका असायचा. 'आता चमक' एवढा एकच निरोप तो फ्लॅशला द्यायचा, आणि कोणत्याही कंपनीचा साधा फ्लॅश त्यावर चालायचा. कॅननने ३०००डी आणि २००डी मार्क २ सारख्या स्वस्तातल्या कॅमेऱ्यांवरून हा मधला ठिपकाच काढून टाकला. कॉलेजच्या पोरांत सगळ्यात जास्त दिसणारा १५००डीसुद्धा त्याच यादीत येतो. अशा कॅमेऱ्यावर गोडॉक्स टीटी६०० सारखा साधा मॅन्युअल फ्लॅश सरकवला की तो बसतो घट्ट, पण पेटत नाही. फ्लॅश चांगला, कॅमेरा चांगला, आणि दोघांची बोलीच जुळत नाही. मग लोक ऑनलाइन रिव्ह्यूमध्ये 'डिफेक्टिव्ह पीस' लिहून मोकळे होतात.

म्हणून आत्ता, हा लेख वाचता वाचता, तुमचा कॅमेरा उचला आणि हॉट शूवर मधोमध तो मोठा ठिपका आहे का ते बघा. आहे? मग जग मोकळं आहे. नाही? तर दोनच वाटा. एक, कॅननशी पूर्ण बोलणारा टीटीएल फ्लॅश, मग तो कॅननचा असो की दुसऱ्या कंपनीचा. पण तुमच्याच कॅमेऱ्यावर लावून, चमकवून मगच पैसे द्यायचे. दोन, अशा कॅमेऱ्यांना चालणारा ट्रिगर, उदाहरणार्थ गोडॉक्सचा एक्स२टी-सी. ट्रिगर कॅमेऱ्यावर आणि साधा फ्लॅश दूर स्टँडवर. मला दुसरी वाट जास्त आवडते. का ते पुढे येईलच.

निकॉनवाल्यांना हा ताप नाही, पण त्यांचा वेगळा आहे. डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांत हायस्पीड सिंक नाही. म्हणजे फ्लॅश कितीही महागडा घेतला तरी शटर १/२००च्या पुढे नेता येत नाही. भर दुपारच्या वरातीत एफ १.८ वर मागचं सगळं धूसर करायचं स्वप्न असेल, तर त्या सोयीसाठी जादा पैसे मोजण्याआधी आपला कॅमेरा ती सोय देतो का हे बघा.

आता 'जास्त पॉवर'वाल्या तिसऱ्या मित्राकडे वळू. फ्लॅशची ताकद गाइड नंबरने सांगतात. हिशेब सोपा आहे: गाइड नंबरला लेन्सच्या एफ आकड्याने भागलं की आयएसओ १०० वर उजेड किती मीटर पोचतो ते कळतं. १५००डीच्या आतल्या पॉपअप फ्लॅशचा गाइड नंबर साधारण ९. किट लेन्स झूम केल्यावर एफ ५.६. भागाकार करा, दीड मीटरच्या जरा पुढे. म्हणजे समोरच्या खुर्चीवरचा मामा दिसेल, त्याच्या मागे उभी मामी नाही. आयएसओ चौपट केला की पोच दुप्पट होते, म्हणून ४०० वर तीन-सव्वातीन मीटर. बाहेरून लावायचा फ्लॅश का लागतो याचं अर्धं उत्तर एवढ्यात आलं.

पण खोक्यावरच्या आकड्यांची तुलना करताना डोळे उघडे ठेवा. कॅननच्या ६००ईएक्स-आरटीवर ६० लिहिलेलं असतं, निकॉनच्या एसबी-९१० वर ३४. वाटतं, कॅनन जवळपास दुप्पट ताकदीचा! तसं अजिबात नाही. कॅनन आपला आकडा फ्लॅशचं डोकं २०० मिलिमीटरला झूम करून सांगतो, म्हणजे उजेड एका बारीक झोतात गोळा करून. निकॉन ३५ मिलिमीटरला मोजतो. तोच कॅनन ३५ला आणला की आकडा ३६च्या आसपास येतो. दोघे भाऊ-भाऊ निघाले. स्वस्त फ्लॅशवाल्या कंपन्याही २०० मिलिमीटरचाच ६० छापतात. छत्रीत किंवा मांडवात तुम्ही २०० मिलिमीटरचा झोत वापरणारच नाही. 'गाइड नंबर किती?' या प्रश्नाला 'किती मिलिमीटरला?' हा उपप्रश्न जोडायला विसरू नका. समोरचा विक्रेता अडखळला तर समजून जा.

अंतराचं गणित कळलं की आणखी एक जुनं कोडं सुटतं. गॅदरिंगच्या ग्रुप फोटोत पहिली रांग पांढरीफटक आणि शेवटची रांग अंधारात का? कारण अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई उरतो. पहिली रांग फ्लॅशपासून २ मीटरवर आणि शेवटची ४ मीटरवर असेल, तर मागच्यांना पुढच्यांच्या चौथा हिस्सा उजेड मिळतो. आता मागे सरका. पहिली रांग ६ मीटरवर, शेवटची ८ वर. मागच्यांना निम्म्याहून जास्त उजेड मिळाला, आणि तोही एक पैसा खर्च न करता.

टीटीएलचा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला, कारण भांडणं याच्यावरच होतात. टीटीएल म्हणजे कॅमेरा फोटोच्या क्षणभर आधी फ्लॅशची एक बारीक चमक मारतो, लेन्समधून परत आलेला उजेड मोजतो आणि खऱ्या चमकेची ताकद स्वतः ठरवतो. मॅन्युअल म्हणजे ती ताकद तुम्ही ठरवायची: पूर्ण, निम्मी, पाव, अशी खाली १/१२८ पर्यंत. टीटीएल महाग आणि सोपं, मॅन्युअल स्वस्त आणि अवघड, असं सरसकट सांगतात. 'अवघड' हा शब्द मला पटत नाही. छत्रीतला फ्लॅश स्टेजशेजारी उभा आहे, नवरा-नवरी त्याच्यापासून अडीच मीटरवर बसली आहेत. दोन ट्रायल फोटो काढले, ताकद कमी-जास्त केली, झालं. आता तुम्ही पुढून काढा, मागे जाऊन काढा, झूम करा. एफ आणि आयएसओ तेच ठेवले की चेहऱ्यावरचा उजेड तोच राहतो, कारण फ्लॅश आणि चेहरा यांच्यातलं अंतर बदललेलं नाही. शंभर पाहुणे आहेराची पाकिटं देऊन जातील, शंभर फोटो सारखे येतील. टीटीएलवाल्याच्या अल्बममध्ये मात्र एक काका गोरे, पुढचे काळे, त्यापुढचे परत गोरे.

वरातीत मात्र टीटीएल जिंकतं. बँडच्या तालावर नाचणारा माणूस एका सेकंदात तीन मीटरवरून एक मीटरवर येतो. तिथे ताकद कोण बदलत बसणार? त्यामुळे येत्या महिन्यातलीच कामं पैसे घेऊन ठरवली असतील, तर टीटीएल घ्या. शिकायचं असेल, हातात वर्षभराचा वेळ असेल, तर पहिला फ्लॅश मॅन्युअल, सोबत ट्रिगर, छत्री आणि स्टँड. नामांकित कंपनीच्या एका टीटीएल फ्लॅशच्या पैशात हे सगळं बसून वर सेलही येतात. शिवाय कॅनन-निकॉनचा नवा डीएसएलआर २०२० नंतर आलेला नाही. उद्या तुम्ही मिररलेसकडे, वेगळ्या कंपनीकडे जाल. तेव्हा रेडिओवर चालणारा साधा फ्लॅश तसाच राहतो, फक्त ट्रिगर बदलावा लागतो.

टीटीएलबद्दल माझी खरी तक्रार वेगळी आहे, आणि ती आपल्या चेहऱ्यांशी जोडलेली आहे. कॅमेऱ्याचं मोजमाप सगळं जग मधल्या करड्या रंगाचं आहे असं धरून चालतं. रात्रीच्या लॉनवर नवरीच्या मागे काळोख असतो. कॅमेऱ्याला वाटतं, चित्र फार काळं येतंय, आणि तो फ्लॅशला म्हणतो, 'मार अजून.' नवरी गहूवर्णी असो की सावळी, फोटोत चेहरा चुन्यासारखा. उलट, पांढरं धोतर-टोपीतल्या आजोबांचा फोटो काढला की कॅमेरा म्हणतो, 'फार उजेड झाला,' आणि आजोबांचा चेहरा टोपीखाली हरवतो. उपाय साधा आहे: फ्लॅश एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन नावाचं बटण. रात्रीच्या लॉनवर उणे एक, पांढऱ्या कपड्यांवर अधिक पाऊण-एक. पण ते बटण बहुतेक जण दाबतच नाहीत, कारण पांढराफटक चेहरा कुणाला चूक वाटतच नाही. 'मस्त गोरी दिसतेय!' अशी दाद मिळते. मग अल्बमवाला त्यावर आणखी एक हात मारतो.

हे काही आपल्याच गावचं खूळ नाही. कोडॅक कंपनी एकेकाळी लॅबना रंग जुळवण्यासाठी जे नमुना कार्ड पाठवायची, त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. त्यावर गोऱ्या कातडीची बाई असायची. तिचा रंग नीट आला की मशीन बरोबर, असा हिशेब. सावळ्या माणसांचं काय होतं हे कित्येक वर्षं कुणी विचारलंच नाही. फिल्म गेली, लॅब गेल्या, पण ते कार्ड आपल्या डोक्यात अजून लटकलेलं आहे.

आता आपला तालुका डोळ्यांसमोर आणा. कोळसा खाणीत पाळी करून आलेला बाप, कापसाच्या वावरात उन्हाळे काढलेली आई, झरी-मारेगावकडून आलेले कोलाम पाहुणे. या लोकांचा नीट काढलेला मोठा फोटो आयुष्यात दोन-चारदाच निघतो, आणि त्यातला एक पोरीच्या लग्नातला असतो. त्यात ते स्वतःसारखे दिसले नाहीत, तर परत काढायची सोय नाही. सावळ्या कातडीवर बाजूने आलेला मऊ उजेड फार सुंदर दिसतो. गालाचं हाड, कपाळावरच्या रेषा, डोळ्यातलं पाणी सगळं उमटतं. समोरून मारलेली फट्टकन चमक हे सगळं पुसून टाकते. स्टँड आणि छत्रीचा मी एवढा आग्रह धरतो तो यासाठी. न्यूयॉर्कमध्ये १८८७च्या सुमारास जेकब रीस नावाचा पत्रकार मॅग्नेशियमची पूड पेटवून अंधाऱ्या चाळींतल्या गरिबांचे फोटो काढायचा. चेहरे भांबावलेले, डोळे दिपलेले. तरी त्या फोटोंमुळे शहराला आपली घरं कशी आहेत ते दिसलं. त्याच्याकडे पर्याय नव्हता. आपल्याकडे १/१२८ पर्यंत खाली येणारं बटण आहे.

"पण आता आयएसओ वाढवला की भागतं, फ्लॅश कशाला?" असंही कुणी म्हणेल. फुलफ्रेम कॅमेरा आणि एफ १.४ची लेन्स असेल तर बऱ्याच अंशी खरं आहे. किट लेन्सवर ६४०० आयएसओ म्हणजे चेहऱ्यावर रवा सांडल्यासारखं. आणि आयएसओ वाढवून उजेड वाढतो, त्याची दिशा बदलत नाही. मांडवातला हॅलोजन डोक्यावरून मारत असेल तर डोळ्यांखालचे खड्डे तसेच राहतात. नाच टिपायचा असेल तर फ्लॅशला तोड नाही. कमी ताकदीवर त्याची चमक सेकंदाच्या वीस हजाराव्या भागाइतकी छोटी असते; दंडार नाचणाऱ्याच्या पायातलं घुंगरूसुद्धा हवेत थांबतं. फक्त शटर १/३० किंवा १/६० वर ठेवा, म्हणजे मागच्या माळांचा उजेडही येतो आणि फोटो काळ्या गुहेत काढल्यासारखा वाटत नाही.

दोन ठिकाणी मात्र फ्लॅश बॅगेतच राहू द्या. ताडोबा-टिपेश्वरच्या सफारीत तो चालत नाही आणि चालूही नये. दुसरं, भूमिगत कोळसा खाण. तिथे मिथेनचा धोका असतो, साधी विजेची उपकरणं आत नेता येत नाहीत. कुणी ओळखीचा 'चल, आत नेतो' म्हणाला तरी कॅमेरा-फ्लॅश घेऊन जाऊ नका.

सेकंडहँड घ्यायला हरकत नाही, सध्या डीएसएलआरचं सामान बरंच विकायला निघतंय. तपासताना पूर्ण ताकदीवर दहा वेळा चमकवा आणि परत तयार व्हायला किती वेळ लागतो ते मोजा. ताज्या सेलवर तीन-चार सेकंदांपेक्षा फार जास्त लागत असेल तर नको. पुढची काच जळकी-पिवळी झालीय का, डोकं आपोआप मान टाकतंय का, झूम करताना आतली मोटर करकरते का, हे बघा. कुणा काकांच्या जुन्या स्टुडिओतला फिल्मच्या जमान्यातला फ्लॅश फुकट मिळत असेल तर थेट डिजिटल कॅमेऱ्यावर चढवू नका. त्यातल्या काहींचा ट्रिगर व्होल्टेज दोनशेच्याही वर जातो आणि कॅमेऱ्याचं सर्किट जळू शकतं.

सेलवर कंजुषी करू नका. साध्या पेन्सिल सेलवर फ्लॅश अर्ध्या तासात सुस्तावतो. रिचार्ज होणारे निकेल-मेटल-हायड्राइड सेल घ्या, चार-चारचे दोन सेट. एका सेटवर पूर्ण ताकदीच्या दोनशेच्या आसपास चमका निघतात, पाव ताकदीवर त्याहून कितीतरी जास्त. एप्रिल-मेमध्ये पूर्ण ताकदीवर सलग मारत राहिलात तर फ्लॅश तापून स्वतःच बंद पडतो. ते त्याचं संरक्षण आहे, बिघाड नाही. सावलीत ठेवा, आयएसओ एक पायरी वाढवा आणि ताकद निम्मी करा. आणि आपल्याकडे कोळशाची काळी धूळ काही दिवसांत सगळ्यावर बसते, हॉट शूवरही. कामाच्या आदल्या रात्री ती जागा कोरड्या सुती कापडाने पुसा, ट्रिगरचं चॅनल जुळवून ठेवा आणि घरच्याच कुणाला तरी अंधाऱ्या अंगणात उभं करून वीस फोटो काढून बघा.